पाहिलंस, की वाटतं?

चिठ्ठ्या सगळ्या माझ्या हातात होत्या, चौदाच्या चौदा, कोरड्या, एकीचीसुद्धा शाई फुटलेली नव्हती, नि जुन्या कॉम्प्युटरांच्या पोटातले बोर्डही सगळे समोर होते, दोन पेट्यांत पेंढ्यावर नीट झोपवलेले, एकाला ओरखडा नाही, आणि तरी झाकणं मी परत उघडली. कारण अगदी तेव्हाच डोक्यात आलं, की कुठली चिठ्ठी कुठल्या बोर्डाची? बाहेर वारा असा, की माडांच्या झावळ्या एकमेकींना चाबकासारख्या मारत होत्या. पडवीचा एक पत्रा उडून विहिरीपाशी जाऊन पडलेला. सोनी झोळीत किंचाळत होती. युसुफचाचा दापोलीला गेलेले, कोणाच्या तरी माळ्यावर जुना कॉम्प्युटर निघालाय म्हणून, नि संध्याकाळच्या एसटीने परत येणार. मी एक चिठ्ठी उचलायची, एका बोर्डावर ठेवायची, परत उचलायची, दुसऱ्यावर ठेवायची. देवा, हे काय करून बसले मी, एवढंच तोंडात.

हे आठवायला मला काही करावं लागत नाही. मे लागतो, पेंढ्याने भरलेले टेम्पो मांडवीच्या रस्त्याने धूळ उडवत जातात, तो वास घरात शिरतो, गोड, सुका, थोडा कुबट, नि माझ्या हातातलं काम थांबतं. बायका म्हणतात आंब्याचा वास आला. मला पेंढ्याचा येतो, नि त्याच्या खाली तापलेल्या पत्र्याचा नि जुन्या वायरींचा.

चाचांचं घर आमच्या पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, खालच्या टोकाला. आयुष्याची बरीच वर्षं ते आखातात एका कंपनीत मशिनं दुरुस्त करायला होते, मग कायमचे परत आले. बाकीचे तिकडून टेपरेकॉर्डर आणतात, ब्लँकेटं आणतात, अत्तर आणतात. चाचा एक मोडका कॉम्प्युटर घेऊन आले. चाची अजून सांगते, मी बंदरावर उभी, म्हटलं एवढं जड काय आणलंत, तर म्हणाले, गे, हा आता जगात कुठे बनत नाही. चाची म्हणाली, तुम्ही पण नाही बनत, मग काय दोघांना पडवीत ठेवू? आणि तसंच झालं. दोघे पडवीतच असायचे.

मी तिथे कामाला लागले तेव्हा सोनी वर्षाची पण नव्हती. नवरा ट्रॉलरवर खलाशी, महिन्यातनं चार दिवस घरी. मी आठवीत शाळा सोडलेली. त्याआधी नि त्यानंतर मला एकच काम येत होतं, पावस गावच्या बागेत आंबे निवडून पेटी भरायचं. हातात आंबा घेतला की बघावं लागत नाही, हातच सांगतो हा चार डझनी पेटीत जाणार, हा पाचात, हा सहात. चाचीने मला झाडलोटीला ठेवलं होतं, पण चाचांना मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांना, नि स्क्रू तर केवढे बारीक. एक दिवस म्हणाले, रंजू, तुझे हात दे जरा. मी घाबरले. मला करंटची भीती, कुत्र्याची भीती, इंग्रजीची भीती. ते म्हणाले ह्यात करंट नाही, हा मेलेला आहे. मला मेलेल्याची पण भीती, पण ते मी बोलले नाही.

तेव्हापासून मी उघडायची नि ते सांगायचे. मी दाढीच्या ब्रशाने धूळ झाडायची. काय काय निघायचं आतून! झुरळं, पालीची अंडी, एकदा शाळेची पट्टी, एकदा मुंग्यांचं अख्खं वारूळ. मी बोर्ड काढून चाचांच्या हातात द्यायची, ते विचारायचे कुठल्या मशिनातनं काढलास, नि काळ्या शाईने चिठ्ठीवर लिहायचे, कुठून आला, कोणाचा होता, कोणी उघडला. 'उघडला' पुढे माझं नाव लिहायचे. माझं नाव शाळेच्या दाखल्यानंतर नि लग्नपत्रिकेनंतर कागदावर तिसऱ्यांदा तिथेच आलं.

हे कशासाठी, ते मला फार उशिरा कळलं. इंटरनेटवर एक जागा होती. एक वही समजा, जुन्या कॉम्प्युटरांची, जगातला कोणीही माणूस त्यात लिहू शकतो, नि कोणीही येऊन तुमचं लिहिलेलं खोडू शकतो. मला वाटलं, मग तिथे नुसता बाजार असेल. चाचा म्हणाले, नाही, तिथे एक नेम आहे. प्रत्येक ओळीखाली सांगायचं, हे तुला कुठून कळलं. कंपनीच्या पुस्तकात असेल तर पुस्तकाचं पान. स्वतः उघडून बघितलं असेल तर वस्तूचा फोटो, नि ती वस्तू कुठल्या मशिनातनं आली ते. कोणी सांगितलं, हे चालत नाही. दुसऱ्या ठिकाणी वाचलं, तर त्याने कुठून घेतलं? मला आठवतंय असं वाटतं, हे तर मुळीच नाही.

मी म्हटलं चाचा, एवढ्याशा ओळीला एवढं? मेलेल्या मशिनाला कोण विचारतंय?

ते म्हणाले, "जिवंत मशीन स्वतः सांगतं मी काय आहे. मेलेल्याचं दुसऱ्याने सांगायचं असतं, म्हणून जपून."

त्यांचे वडील गावात मुलांना शिकवायचे. चाचा सांगायचे, अब्बा कुठलीही थोरामोठ्यांची गोष्ट सांगायला बसले की गोष्ट नंतर, आधी माणसं. ही मला अमक्याने सांगितली, त्याला अमक्याने, त्याला अमक्याने, नि तो अमका खोटं बोलणारा नव्हता. आम्ही पोरं कंटाळायचो, म्हणायचो गोष्ट कधी येणार. आता कळतं, म्हणाले, तीच गोष्ट होती.

आणि मला ते कळत होतं हो, मी शिकलेली नसले तरी. कारण मी पेट्या भरल्यात. पेटीवर रत्नागिरी छापलेलं असतं नि आत कुठल्या घाटापलीकडचा आंबा असतो, हे मी पाहिलंय, एका व्यापाऱ्याच्या वखारीत, माझ्या या डोळ्यांनी. रंग तोच, आकार तोच. कापल्यावर कळतं. पेटीवरचं नाव म्हणजे आंबा नव्हे, आंबा कुठल्या झाडाचा ते काढणाऱ्याला विचारा. चाचांना मी हे सांगितलं तर ते एवढे खूश झाले, की त्यांनी चाचीला हाक मारून परत मला सगळं बोलायला लावलं. चाची म्हणाली, कालचे आंबे पावसचेच आहेत, मी स्वतः घेतले. चाचा म्हणाले, झाडावर पाहिलेस? चाची म्हणाली, तुम्हाला नवरा म्हणून घेतला तेव्हा पण झाडावर बघितलं नव्हतं, म्हणून तर फसले.

दुपारची वेळ असायची. तीनच्या सुमाराला चाचा फोनची वायर कॉम्प्युटरला लावायचे, नि तो किरकिर करत, शिट्टी घालत कुठेतरी पोचायचा. तेवढ्यात चाचीच्या बहिणीचा फोन आला की संपलं. पान उघडायला एवढा वेळ लागायचा, की मी सोनीला भरवून घ्यायची. मग डोळे अगदी पडद्याला चिकटवून चाचा वाचायचे. कोणी परदेशातला लिहायचा, तुमच्या ह्या ओळीला आधार काय? मला राग यायचा, आमच्या चाचांना आधार विचारतो! चाचांना नाही यायचा. ते म्हणायचे, भला माणूस आहे, बघ किती लक्ष देऊन वाचलंन.

चाचांचा जीव एका मशिनात अडकला होता. आपल्याकडच्याच एका लहान कंपनीचं, ती कंपनी केव्हाच बंद पडली. सगळे समजत, की हे लोक बाहेरून बोर्ड आणायचे नि इथे नुसतं खोकं चढवायचे. चाचांना एका म्हाताऱ्या मेकॅनिकने सांगितलं होतं, नाही, बोर्डसुद्धा ते इथेच बनवायचे. पण हे ऐकलेलं. म्हणून चाचांनी ती ओळ लिहिली नव्हती. तीन वर्षं लिहिली नव्हती. मी असते तर पहिल्याच दिवशी लिहून मोकळी झाले असते.

तसली दोन मशिनं चाचांना त्या वर्षी घावली. एक बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातलं, दहादा मुंबईला दुरुस्तीला जाऊन आलेलं, त्यात कोणी काय बदललं असेल काही सांगता येत नव्हतं. दुसरं पावसजवळच्या एका शाळेतलं, कातळावरची शाळा, तिथे वीजच धड नव्हती, म्हणून ते कधी चाललंच नव्हतं. स्क्रूवर कंपनीने लावलेली लाखेची मोहोर तशीच होती, म्हणजे आत कोणी हात घातलेला नव्हता. ती लाख मी फोडली. चाचांनी त्याआधी मला हात धुवायला लावलं होतं.

पावसाळ्याआधी मुंबईचा भाचा कॅमेरा घेऊन येणार, सगळ्याचे फोटो काढणार, मग चाचा भिंगाने एकेक बोर्ड बघून पान लिहिणार, असं ठरलेलं. तोवर बोर्ड पडवीतल्या लांब फळीवर मांडलेले, प्रत्येकाखाली त्याची चिठ्ठी.

आणि तो वारा आला. पत्रा उडाला, पावसाचे टपोरे थेंब फळीवर पडायला लागले. मी सोनीला झोळीत टाकलं, चाचीला हाक मारली तर चाची शेजारी गेलेली. कोपऱ्यात आंब्याच्या रिकाम्या पेट्या होत्या, पेंढा होता. मला फक्त दोन गोष्टी सुचल्या. चिठ्ठ्यांवर शाई आहे, ती भिजली तर गेली, म्हणून आधी सगळ्या गोळा केल्या नि सोनीच्या दुपट्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या. आणि मग बोर्ड भरले. हात आपोआप चालले. मोठे खाली, मधले त्यावर, लहान कडेने, मधे पेंढा, दाबायचं नाही, हलता पण कामा नये. एवढी सुंदर पेटी मी बागेत कधी भरली नसेल. झाकण लावताना मला खरंच बरं वाटलं. म्हटलं, चाचा शाबासकी देतील.

वस्तू शाबूत, चिठ्ठ्या शाबूत. दोन्हीच्या मधलं जे होतं, ते मी माझ्या हाताने तोडलं होतं.

चाचा येईपर्यंतचे ते तास. सोनीला कडेवर घेऊन मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. मनात आलं, चिठ्ठ्या अंदाजाने ठेवून द्याव्या. चाचांना दिसत तर नाही. कोणाला कळणार? हे मनात आलं, ते मी लपवत नाही. हात पिशवीकडे गेला पण. मग चिठ्ठीवर 'उघडला: रंजना' दिसलं, नि माझ्याच्याने होईना. काम जाईल तर जाईल.

ते आले, छत्री उलटी झालेली, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. मी पाणी द्यायच्या आधीच सगळं बोलून टाकलं, एका दमात, रडत. ते उभेच होते. मग खाली बसले. एवढंच विचारलं, सोनी भिजली नाही ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्या उघडल्या. चाचांनी भिंग काढलं नि मला समोर बसवलं. एकेक बोर्ड हातात द्यायचे. विचारायचे, हा कुठला? मी सांगितलं की विचारायचे, खूण काय? आणि मला आठवत गेलं हो, मला माहीत नव्हतं मला एवढं आठवतंय. हा तालुक्याच्या कचेरीतला, ह्याच्या कोपऱ्यात सांडलेला डिंक मी नखाने काढला होता, बघा अजून थोडा आहे. हा डॉक्टरांकडचा, मुंग्यांचं वारूळ ह्यावरच होतं, ह्या दोन बारीक तारेच्या पायांमध्ये माती अडकलीय. प्रत्येक वेळी चाचांचा एकच प्रश्न, तो मी आजपर्यंत विसरले नाही, "पाहिलंस, की वाटतं?" पाहिलं म्हटलं की खूण बघायचे, भिंगातनं, बोट फिरवून, नि चिठ्ठी त्यावर ठेवायचे. बारा बोर्ड असे जागेवर आले. चाची मधे चहा ठेवून गेली, म्हणाली, कोर्टात पण एवढं विचारत नाहीत.

दोन उरले. दोन चिठ्ठ्या उरल्या. बर्फाचा कारखाना नि पावसची शाळा. दोन्ही एकाच आकाराचे, एकाच हिरव्या रंगाचे, नि दोन्ही मी एवढे घासून स्वच्छ केलेले, की खूण म्हणून काही उरलं नव्हतं.

चाचांनी पहिला भिंगाखाली घेतला. बाहेरच्या देशाचं नाव. दुसरा घेतला. कडेला बारीक छापलेलं होतं. बोटाने चाचपलं, उजेडाकडे नेलं, मला म्हणाले वाच. मी एकेक अक्षर लावत वाचलं. कंपनीचं नाव होतं नि पुढे इंडिया. चाचांनी भिंग खाली ठेवलं. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते त्यांच्या मांडीवर होतं. शाळेच्या मशिनातनं आलेलं असेल, तर ती ओळ आता लिहिता येणार होती, लाखेच्या आतनं निघालेला बोर्ड, त्याला कोणी हात लावलेला नाही. बर्फाच्या कारखान्यातनं आलेला असेल, तर तो मुळात कुठल्या मशिनाचा ते अल्लाच जाणे.

आणि मला आठवत होतं. ती अक्षरं मी आधी एकदा वाचली होती, मनातल्या मनात, बोर्ड काढताना. बोलले नव्हते, कारण मला वाटलं सगळ्यांवरच छापत असतील, नि माझं वाचणं ऐकून कोणी हसेल. वाचताना माझे हात लाल होते, मातीने. शाळा कातळावर, तिथली धूळ लाल. म्हणजे शाळेचाच. पण मे महिन्यात त्या पडवीत सगळ्यांचेच हात लाल असायचे. दोन्ही मशिनं एकाच आठवड्यात उघडली, त्याच पाटावर बसून, तीच झोळी, तोच उकाडा. बारा आणे माझी खात्री होती. बारा आणे.

चाचांनी बोर्ड माझ्यापुढे धरला. ह्या वेळी खूण विचारली नाही. खूण नव्हतीच, माझा शब्दच खूण.

"रंजू, पाहिलंस, की वाटतं?"

त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना. मी सोनीच्या झोळीकडे बघत म्हटलं, वाटतं.

ते हं म्हणाले. दोन्ही बोर्ड शेजारी शेजारी ठेवले, दोन्ही चिठ्ठ्या मधे. तीन वाजता वायर लावली, कॉम्प्युटर किरकिरला, नि त्यांनी त्या पानावर लिहिलं, ते मला वाचून दाखवलं मराठीत. दोन बोर्ड आहेत, दोन मशिनं आहेत, कुठला कशातला ते सांगता येत नाही, हलवाहलवीत खूण तुटली, चूक माझी. मी म्हटलं चाचा, चूक तर माझी. ते म्हणाले, चिठ्ठी नुसती खाली ठेवली, बांधली नाही. बांधायचं काम माझं होतं. आणि सुतळीचं बंडल माझ्याकडे सरकवलं. त्या दिवसापासून प्रत्येक बोर्डाच्या भोकातनं सुतळी ओवून चिठ्ठी बांधायची, गाठ मी मारायची, बागेत पेटीला मारतात तशी, सुटत नाही. चार दिवसांनी त्या परदेशातल्या माणसाने खाली लिहिलं, की असा चोख लिहिणारा आपण दुसरा बघितला नाही. चाचांनी ते मला सांगितलं नाही, चाचीने सांगितलं. म्हणजे हे मी ऐकलेलं आहे.

मला त्यांच्यासारखं माणूस दुसरं भेटलं नाही. मोठी माणसं खूप बघितली, बागवाले, बोटवाले, कचेरीतले, सगळ्यांना सगळं माहीत असतं. हा एकच माणूस, जो वस्तू हातात असतानासुद्धा म्हणायचा, मला माहीत नाही. सोनी आता तिसरीत आहे. शाळेतनं येऊन काही सांगायला लागली, की बाईंनी असं केलं, अमकीने तसं केलं, की माझ्या तोंडून आपोआप जातं, पाहिलंस की वाटतं? ती वैतागते. नवरा म्हणतो, घरात पोलीस ठेवलाय.

या वर्षी पेंढा आला नि मी चाचांना आंबे घेऊन गेले, पावसचे, मी स्वतः झाडाखाली उभी राहून घेतलेले. चाचांचं ऑपरेशन उशिरा झालं नि नीट झालं नाही, आता त्यांना उजेड नि सावली एवढंच दिसतं. वायर लावणं कधीच सुटलं. ते दोन बोर्ड अजून फळीवर आहेत, शेजारी शेजारी, मधे दोन चिठ्ठ्या. ते पान मी सायबर कॅफेतल्या पोराकडून उघडून घेतलं होतं, अजून तसंच आहे, सांगता येत नाही, चूक माझी.

चाचांनी आंबा हातात घेतला, वास घेतला, मांडीवर ठेवला. चाची आत गेली तसे जरा पुढे वाकले. हळू म्हणाले, "तो बोर्ड गो. लिहायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. मला एकट्याला सांग. शाळेचाच ना?"

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा असं विचारलं. पाहिलंस की वाटतं, हे विचारलंच नाही. नुसतं हो म्हटलं असतं तर झालं असतं. बारा आण्यांचे सोळा करायला मला एक शब्द लागत होता, नि तो कुठे छापला जाणार नव्हता, एका म्हाताऱ्या माणसाच्या कानात जाऊन तिथेच राहिला असता. पेंढ्याचा वास नाकात बसला होता. मला ते लाल हात दिसत होते, अगदी स्पष्ट, पण कुठल्या दिवसाचे, ते दिसत नव्हतं.

मी म्हटलं, वाटतं, चाचा.

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं, उजेडाकडे. हसले की नाही, ते मला दिसलं नाही, म्हणून लिहीत नाही. आंबा मात्र मांडीवर कितीतरी वेळ हाताने फिरवत राहिले.

घरी येताना पाखाडी चढून मला दम लागला, मधे बसले. अजून मी तिथेच बसल्यासारखी आहे. तुम्ही शिकलेली माणसं आहात, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुमच्या हातात ते बारा आणे असते, नि समोर ते डोळे, तर तुम्ही काय म्हणाला असता?